करवंट्यांच्या तीन माळा

सन दोन हजार एक. मला तेव्हा अठ्ठावन्नावं चालू होतं, आणि सापाच्या बाबतीत मला दोन गोष्टी शिकवील असा माणूस शहापूर-मुरबाडच्या मधल्या पट्ट्यात अजून जन्मायचा आहे, अशी माझी पक्की समजूत होती.

आज हे लिहायला बसलो त्याला कारण बाहेरचा वास. शेजारच्या खाचरात भात कापताहेत. आता यंत्र येतं, घरघर करत सकाळीच रान मोकळं करून जातं. पण वास तोच आहे. कापलेल्या भाताचा वास थोडा गोड असतो, आणि त्याला खाली ओल्या मातीची कडा असते. तो नाकात गेला की माझे हात आपोआप कोनाड्याकडे जातात. तिथं दोर असायचा. आता नाही. तरी हात जातात.

आमच्याकडे पूर्वी कापलेल्या भाताच्या मुठी खाचरातच उन्हात पसरून ठेवायचे. त्यांना कडपं म्हणतात. दोन-तीन दिवस ती वाळायची, मग सकाळी दव असतानाच बायका ती गोळा करायच्या, म्हणजे दाणा गळत नाही. आता विचार करा. कडपाखाली ऊब, ऊब आली की उंदीर, उंदीर आला की त्याच्या मागं दुसरं जनावर. आणि वरून बाईचा हात. भात घरात येण्याच्या त्या पंधरा-वीस दिवसांत आमच्या पट्ट्यात जेवढी माणसं चावून घेत, तेवढी साऱ्या वर्षात घेत नसत.

कुणाला साप चावला की माझ्याकडे आणायचे. माझ्या बापाकडे आणायचे, मग माझ्याकडे. मंत्र-तंत्र आमच्या घरात नव्हतं, ते मी आजही छाती पुढं काढून सांगतो. आमचं काम हाताचं. अंबाडीच्या वाखाचा दोर, तीन पेडी, बापानं वळायला शिकवलेला. चावल्या जागेच्या वर वीतभर सोडून आवळायचा. असा आवळायचा की खालची नाडी लागता कामा नये. मग पाजायला थोडी मुळी, आणि धीर. मी चौथी शिकलेला माणूस, पण उंबरमाळीच्या वरच्या पाड्यांतून मला बोलावणं यायचं. कसाऱ्याला रुळावर काम करणाऱ्या एका टोळीनं मला खास गाडी पाठवून नेलं होतं. तानसाच्या जंगलात रखवालीला असलेला एक माणूस तर पायाला स्वतः गमछा बांधून आला होता. मी तो सोडून माझा दोर बांधला. गमछा म्हणजे काय दोर आहे.

वाचलेला माणूस पहिल्या दिवाळीला नारळ घेऊन यायचा. ही बापाच्या वेळेपासूनची रीत. आमच्या उंबऱ्यापुढच्या दगडावर तो नारळ फोडायचा, खोबरं सगळ्यांना वाटायचं, आणि एक करवंटी माझ्यासाठी ठेवायची. मी तिला भोक पाडून सुतळीत ओवायचो आणि माळ पडवीच्या वाशाला टांगायचो. त्या साली अशा तीन माळा झाल्या होत्या. कापणीच्या दिवसांत उत्तरेचा वारा सुटला की त्या एकमेकींवर आपटायच्या, टक, टक, टक. पडवीत खाटेवर पडून मी तो आवाज ऐकायचो. दुसऱ्या कुणाच्या घरी असा आवाज नव्हता.

आणि भिंत. आमच्या गावात सरकारी उपकेंद्र आहे, दोन खोल्या आणि ओटा. दोन-चार सालं आधी तिथं रंगारी आला होता, भिंतीवर चित्रं काढायला. जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी, लसीची बाहुली, आणि सर्पदंश. त्यानं साप काढला तो गांडुळासारखा. मी ओट्यावर उभा होतो, मला बघवेना. मी त्याला म्हणालो, आधी बघ तरी बांधतात कसं. त्याच्याच पोटरीला बांधून दाखवलं. त्याचा चेहरा लाल झाला, पण चित्र झकास काढलं. पाय कुणाचा ते माहीत नाही, हात माझे. माझ्या डाव्या अंगठ्याला बैलानं लहानपणी शिंग मारलं होतं, तो वाकडा आहे. रंगाऱ्यानं तो वाकडाच काढला. बाजाराला जाणारी माणसं थांबून बघायची.

घरची म्हणाली, "आता तुमच्या पाया पडायचं झालं की भिंतीला पडायचं का?"

मी म्हणालो, "पड की. कोण नाय म्हणतो."

त्याच भिंतीखाली, त्या साली कापणी नुकती लागली होती तेव्हा, मोठ्या केंद्रातली डॉक्टरीणबाई मला म्हणाली, "बाबा, ही भिंत पुसायला हवी."

ती नवीन होती. आठवड्यातून एकदा स्कूटरवरून आमच्या उपकेंद्रात यायची, केसांत सगळी लाल धूळ. मधे आठ-दहा दिवस कुठं प्रशिक्षणाला जाऊन आली होती. तिथं तिला एक गोष्ट शिकवली होती, तिला पद्धतशीर आढावा म्हणतात. मला ते नाव लांबट वाटलं. तिनं ओट्यावर बसून समजावलं. एका प्रश्नावर जगभरात जिथं जिथं अभ्यास झाला असेल तो सगळा शोधायचा. आपल्याला आवडेल तेवढाच नाही, सगळा. कुणी अभ्यास केला आणि मनासारखं निघालं नाही म्हणून कपाटात ठेवून दिला, तर तोही मागून घ्यायचा. मग कच्चा कुठला, पक्का कुठला ते पारखायचं, आणि सगळं एकत्र मांडून बघायचं की काय दिसतं. दवाखान्यात काय करायचं आणि भिंतीवर काय लिहायचं, ते त्यावरून ठरवायचं.

"आणि त्यात काय दिसलं?" मी विचारलं.

"घट्ट बांधण्याचा फायदा दिसत नाही, बाबा. तोटा दिसतो. रक्त तुटतं, पाय खराब होतो. शिवाय बांधलं की माणसं निवांत होतात, इंजेक्शनला उशिरा पोचतात. चावलेला हात-पाय हलू द्यायचा नाही आणि लगेच दवाखाना गाठायचा, एवढंच करायचं."

"ते अभ्यास सगळे पक्के?"

"नाहीत. बरेचसे कच्चेच आहेत. तेही त्यात लिहिलंय."

"मग उद्या बदललं तर?"

"तर बदलू. नवीन काही कळलं की आढावा पुन्हा करतात."

मला हसू आलं. म्हटलं, "बाई, जे उद्या बदलायचं ते आज कशाला सांगता? माझ्या पडवीत या. करवंट्या मोजा. त्या तुमच्या कागदात हायेत का?"

ती रागावेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "नाहीत. म्हणून तर मला हव्यात. पण नारळ आणलेलेही हवेत आणि न आणलेलेही."

"नाय आणला म्हणजे इसरला असंल."

"असेलही. विचारू या." मग म्हणाली, "भिंत मी उद्यासुद्धा पुसू शकते. वरून परवानगी आहे. पण माणसाला चावलं की लोक भिंतीकडे येत नाहीत, तुमच्याकडे येतात. आत्ता कापणी आहे. या पंधरवड्यात कुणीतरी तुमच्या दारात येणारच. तुम्ही बांधणार. मला तेवढंच थांबवायचंय."

मी हट्टी माणूस. घरोघरी जाऊन विचारायचं कबूल केलं, ते तिला खोटं पाडायला.

तिनं कागदावर पाच प्रश्न लिहिले. साप बघितला का आणि कुठला, किती वेळानं बांधलं, किती वेळ ठेवलं, दवाखान्यात कधी नेलं, पुढं काय झालं. घरातून निघण्याआधी लिहिले. मी म्हणालो, माणूस समोर आला की सुचेल ते विचारू. ती म्हणाली, नाही, मग आपल्याला हवं तेच आपण विचारू. दुसरा नियम असा, की उत्तर उपकेंद्राच्या सिस्टरनं वेगळं लिहायचं आणि मी ऐकून डोक्यात वेगळं ठेवायचं, आणि संध्याकाळी दोन्ही ताडून बघायचं. जुळलं नाही तर परत त्या घरी जायचं. मला तो अपमान वाटला. पण पहिल्याच संध्याकाळी तीन घरांत माझं आणि सिस्टरचं जुळलं नाही, आणि परत जाऊन विचारलं तर तिन्ही ठिकाणी सिस्टरचं बरोबर होतं. माझ्या डोक्यात प्रत्येक साप थोडा मोठा झाला होता.

सगळ्यात आधी नावं काढायची होती, कुणाकुणाला बांधलं त्यांची. करवंट्यांची नावं मला पाठ होती. बाकीची आठवेनात. पडवीत सिस्टर वही घेऊन बसली होती, मी वाशाकडे बघत होतो. घरची सुपात नवीन भात पाखडत होती. सूप पुढं-मागं होत होतं, दाणा खाली राहत होता आणि न भरलेला पोल उडून अंगणात जात होता.

हात न थांबवता ती म्हणाली, "निळ्या लुगड्याची."

"कोण?"

"कडेवर पोर होतं ती. चारेक सालं झाली. नवऱ्याला बैलगाडीत घालून आणलावता. तुमी बांधून पाठवलात. मी तिला पाणी दिलं."

"ती परत आली नाय."

"नारळ कशाला आणील? नवरा गेला तिचा."

सिस्टरनं लिहिलं. घरची पाखडतच होती. "मंग तो काठीवाला म्हातारा. मंग मावळतीच्या पाड्यावरच्या दोघी बहिणी, धाकटीला चावलंवतं." एकेक नाव ती सुपातून काढल्यासारखी काढत होती. कुणाला कुठं बसवलं, कुणी काय अंगावर घातलं होतं, कोण रडत होतं. त्यांना पाणी देणारी तीच होती. माझ्याकडे फक्त खोबरं घेऊन माणसं आली, आणि तिच्याकडे सगळीच.

"आधी कधी बोलली नाहीस," मी म्हणालो.

"तुमी कधी इचारलंत?" ती म्हणाली, आणि सूप उलटं करून आपटलं.

त्या पंधरा दिवसांत मी जितकं चाललो तितकं नंतर कधी चाललो नाही. बांधावरून, ओढ्यातून, सकाळच्या दवात गुडघ्यापर्यंत भिजून. सिस्टर चप्पल हातात घेऊन पुढं. कापणीची गर्दी, कुणाला फुरसत नाही, म्हणून आम्हीच त्यांच्या खाचरात जाऊन, इळा चालू असताना विचारायचो. मला आठवतं, बायका वाकलेल्या असायच्या आणि उत्तरं जमिनीकडे तोंड करून यायची.

करवंटीवाले आधी घेतले. मला वाटलं होतं इथं बाई हरेल.

"साप बघितलात का?"

"नाय बा. वळवळलं कायतरी."

"मी बघितला. दिवड होता. पाण्यातला." दिवडाला विष नसतं, हे शेंबड्या पोराला कळतं.

"मग माझ्याकडं कशाला आलास रे?"

"आईनं धाडलं. आई म्हणाली, बाबाकडं जाऊन बांधून ये, मंग जेव."

असे किती निघाले ते मी सांगत नाही. पण माळ पायाखालच्या शिडीसारखी हलायला लागली होती. सगळ्यात मोठा मासला माझा सख्खा पुतण्या. त्याला मण्यार चावली होती, खरी मण्यार, मारून आणलेली मी डोळ्यांनी बघितली होती. तो वाचला हे मी बाजारात, लग्नात, मयतात सांगत आलो होतो. तो कडपं उचलता उचलता म्हणाला, "काका, खरं सांगू का? रागवू नका."

"बोल."

"तुमचा दोर मी वळणावरच सोडला. लय ठणकायला लागलंवतं. जीपवाला म्हणाला ठेव, मी म्हटलं मरू दे. मंग दवाखान्यात इंजेक्शन दिलं."

"मंग नारळ कशाला आणलास?"

"तुमाला वाईट वाटलं असतं ना."

सिस्टर दुसरीकडे बघत होती. तिचे खांदे हलत होते. मला आज त्याचं हसू येतं, त्या दिवशी नाही आलं. मी त्याला म्हणालो, "तुझी करवंटी काढून टाकतो." तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या काका, दिसायला बरी दिसते."

मग करवंटी नसलेले. निळ्या लुगड्याची बाई आता भावाकडे राहत होती. लुगडं अर्थातच दुसरं होतं, घरचीनं सांगितलं म्हणून मी निळं शोधत बसलो. तिनं पाचही प्रश्नांची उत्तरं दिली. बैलगाडीत ती सारखी नवऱ्याला सांगत होती, बाबांनी बांधलंय, आता काही होत नाही. वाटेत सासुरवाडीला थांबून त्यांनी चहा घेतला होता. एवढंच.

शेवटी वाडी राहिली. गावाच्या टोकाला ओढ्यापलीकडे ती वाडी. तिथल्या माणसांची स्वतःची जमीन नाही, आमच्या कापण्या-मळण्या ते करतात आणि ते संपलं की वीटभट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडाला परत. दिवाळीला बरेचसे निघून गेलेले असत. म्हणजे वाडीतला माणूस वाचो की मरो, माझ्या माळेत यायची सोयच नव्हती. हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. सिस्टर म्हणाली, निघायच्या आत त्यांना गाठलं पाहिजे.

वाडीतली सोमी मात्र माझ्या माळेत होती. दोन सालं आधी तिच्या नवऱ्याला, बाळूला, घोणस चावली होती, माझ्याच खाचरात, माझं भात कापताना. मी बांधलं. त्या दिवशी आभाळ आलं होतं आणि कडपं भिजायच्या आत उचलायची होती, म्हणून मी त्याला बांधावर सावलीला बसवला आणि म्हणालो, आता भिऊ नको, हात मोकळे झाले की जीप बघतो. हात दुपार कलल्यावर मोकळे झाले. त्या साली सोमीनं भट्टीवर जायच्या आधी नारळ आणला, एकटीनं. मी करवंटी ओवली.

तिच्या झोपडीपुढं आम्ही बसलो. तिनं कोरा चहा केला. सिस्टर एकेक प्रश्न विचारत होती. पाचवा प्रश्न आला, पुढं काय झालं, तेव्हा सोमी आत बघून म्हणाली, "ये बाहेर. बाबा आलेत."

बाळू काखेत काठी घेऊन बाहेर आला. उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता.

मी उठून उभा राहिलो. तोच म्हणाला, "बसा ना बाबा. चा घ्या."

"कधी?" मी विचारलं.

"तवाच. ठाण्याला नेला. पाय काळा पडलावता दोरीखाली."

"तू नारळ आणलास ना गो?" मी सोमीला म्हणालो. "बोलली नाहीस."

"तुमी इचारलं नाय, तो का नाय आला म्हणून," सोमी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. "आन् जीव ऱ्हायला ना. नारळ जिवाचा असतो."

"भट्टीवर आता काय करतोस?"

"बसून थापतो इटा," बाळू म्हणाला. "बसायचं काम हाय. जमतं."

परत येताना ओढ्यात डॉक्टरीणबाईची स्कूटर भेटली. सिस्टरनं तिला सांगितलं. मी म्हणालो, "बाई, पाय माझ्या दोरानं गेला का इखानं, ते सांगा." मला वाटलं, ती आता जिंकली, आता सांगेल दोरानं.

ती म्हणाली, "सांगता येत नाही, बाबा. घोणशीचं विषही मांस खातं. एका पायावरून दोराला दोष देता येत नाही. आणि एका करवंटीवरून दोराला शाबासकीही देता येत नाही. म्हणून तर सगळे एकत्र करून बघायचे."

मी आयुष्यात पुष्कळ भांडणं केली. बांधाची केली, पाण्याची केली. समोरचा जिंकत असताना त्यानं हात आखडता घेतला, असं मी एवढं एकदाच बघितलं. ती पुढं म्हणाली, "दोर काय करतो ते माहीत नाही म्हणू. पण तो दुपारपर्यंत बांधावर का बसला, ते तर आपल्याला माहीत आहे ना?"

होतं. माहीत होतं.

माझा बाप वाईट माणूस नव्हता, मीही नव्हतो. आम्ही रात्री-अपरात्री उठून गेलो, कुणाकडून काही घेतलं नाही. पण बापानं दोर दिला तो मी परत एकदाही तपासला नाही, आणि जे उद्या बदलायचं ते आज का सांगता म्हणून बाईला हसलो. आता वाटतं, उद्या बदलायची तयारी असलेलं तेवढंच आज सांगावं. बाकीचं गप्प बसावं.

नंतरची एक गोष्ट इथंच सांगतो. तीन-चार सालांनी, अशीच कापणी, माझ्या सुनेला कडपाखाली चावलं. फुरसं होतं. तिच्या हाताला मुलानं बांबूची कामटी लावली, हात झोळीत घातला, हलू दिला नाही, आणि जीपमध्ये घातली. मी शेजारी बसलो. ती माझ्याकडे बघत होती, कारण ती माझ्या घरात माळा बघून आली होती. मी तिला म्हणालो, "बोलत ऱ्हा माझ्याशी, हात हलवू नको." आणि माझे दोन्ही हात मांडीखाली घालून, त्यांच्यावर बसलो. शहापूर येईपर्यंत काढले नाहीत. ती बरी झाली. दिवाळीला तिनं गंमत म्हणून मला नारळ दिला. मी फोडला, खाल्ला, करवंटी चुलीत घातली. एक बरी झाली, त्यावरून काय ठरवायचं.

पण ते पुढचं. वाडीहून आलो त्या संध्याकाळी मी पडवीत बसलो होतो. वारा होता, माळा वाजत होत्या. घरची दिवा लावायला आली आणि थांबली.

"काढू का त्या?" तिनं विचारलं.

"नको," मी म्हणालो. "सोमीची हाय त्यात."

ती बसली. मग म्हणाली, "उद्या कुणी आलं दारात तर?"

मी कोनाड्याकडे बघितलं. तिनं उठून दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोनाड्यातून दोर काढला. त्याचं टोक पाट्यावर ठेवून वरवंट्यानं ठेचलं, पेड सुटून वाख मोकळा होईपर्यंत ठेचलं, आणि बांबूला बांधून त्याचा कुंचला केला. बादलीत चुना कालवला. उपकेंद्राचं दार उघडायच्या आधी, बायका कडपं उचलायला खाचरांकडे चालल्या होत्या तेव्हा, मी भिंतीपुढं उभा राहिलो. आधी पाय घेतला, मग दोर, मग हात. ओल्या चुन्यातून अंगठा दिसत होता, वाकडा. मी दुसरा हात दिला आणि ओट्यावर बसून राहिलो, ऊन भिंतीवर चढून चुना वाळेपर्यंत.